पर्यावरणीय आरोग्य अभियांत्रिकी : व्यवसायाचा इतिहास आणि विद्यार्थ्यापुढील निवड
(मार्गासनी परिसराच्या संदर्भात)

सारांश :
पिण्याचे पाणी, सांडपाणी, मैला व केरकचरा यांची व्यवस्था करून रोग होण्यापूर्वीच त्यास अटकाव करणारी विद्याशाखा म्हणजे पर्यावरणीय आरोग्य अभियांत्रिकी होय. ग्रामीण विद्यार्थ्याने ही शाखा निवडावी की नाही, याचा विचार सामान्यतः गुण, शुल्क व नोकरी या तीन अंगांनी होतो. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न इतिहासाच्या आधारे तपासला आहे. राजगडाचा पाणीविचार, पुण्यातील अभियांत्रिकी शिक्षण, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची मुंबई इलाख्यातील सेवा, इ.स. १८९७ चा प्लेग आणि देहू येथील डॉ. सुहास विठ्ठल मापुस्कर यांचे कार्य यांच्या आधारे या व्यवसायाला कोणत्या वृत्तीची व्यक्ती लागते, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : आरोग्य अभियांत्रिकी, पाणीपुरवठा, राजगड, विश्वेश्वरय्या, देहू, व्यवसाय निवड.

१. प्रस्तावना :
नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गुंजवणी नदीच्या खोऱ्यात मार्गासनी हे गाव वसलेले आहे. येथूनच राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावाकडे वाट फुटते. शिवकाळात गुंजण मावळ म्हणून ओळखला जाणारा हा प्रदेश पावसाच्या बाबतीत संपन्न आहे. परंतु पावसाळ्यात ओढे भरून वाहणाऱ्या याच डोंगराळ भागातील वाड्यावस्त्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करावी लागते. पुणे शहराची तहान भागविणारी धरणे ज्या डोंगररांगांत उभी राहिली, त्याच रांगांतील स्त्रियांच्या डोक्यावरचा हंडा उतरण्यास मात्र फार काळ लागला, ही वस्तुस्थिती दृष्टीआड करता येत नाही.

अशा परिसरातून बारावी विज्ञान शाखा उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यास पाण्याचा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. तो त्याच्या घरात असतो. तथापि घरातील प्रश्न आणि आयुष्यभराचा व्यवसाय यांत अंतर आहे. ज्या गोष्टीचा त्रास सोसला, तिच्यावर उपाय शोधण्यात आपले मन रमेलच असे नाही. म्हणून 'हा व्यवसाय मला मानवेल काय?' हा प्रश्न गांभीर्याने विचारला पाहिजे. त्याचे उत्तर शोधताना, हा व्यवसाय पूर्वी ज्यांनी केला त्यांना प्रत्यक्षात काय करावे लागले, हे पाहणे उपयुक्त ठरते.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :
प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. (अ) पुणे परिसरातील आरोग्य अभियांत्रिकीच्या वाटचालीचा आढावा घेणे. (ब) या व्यवसायाची बदलती नावे व त्यामागील दृष्टी स्पष्ट करणे. (क) त्याआधारे विद्यार्थ्यास स्वतःची पारख करण्यासाठी काही कसोट्या सुचविणे. यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रामुख्याने दुय्यम साधनांचा उपयोग केला आहे.

३. राजगडाचा पाणीविचार :
मार्गासनीच्या परिसरात या विद्येचा इतिहास शोधावयाचा तर प्रथम राजगडाकडे पाहावे लागते. सुमारे पाव शतक हा गड स्वराज्याची राजधानी होता. डोंगरमाथ्यावर नदी नाही आणि बारमाही ओढा नाही; तरीही राजकुटुंब, कारभारी, शिबंदी व जनावरे यांना वर्षभर पाणी पुरविणे आवश्यक होते. पद्मावती तलाव आणि गडावरील टाकी ही या गरजेची उत्तरे होत. तटबंदीत शौचकूपही आढळतात. पाणी साठविण्याची जागा एकीकडे व मलविसर्जनाची दुसरीकडे असावी, हे आजच्या अभ्यासक्रमातील प्राथमिक तत्त्व तेथे दगडात कोरलेले दिसते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या 'आज्ञापत्रा'त अठराव्या शतकाच्या आरंभीच हा विचार शब्दबद्ध झाला आहे. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, नसल्यास खडक फोडून टाकी बांधावीत, एका झऱ्यावर विसंबू नये, कारण युद्धात तोफांच्या आवाजाने झरे कमी होण्याची शक्यता असते, असा त्या सूचनांचा आशय आहे. गडावरील केर खाली न टाकता जागोजागी जाळावा आणि त्याची राख परसात घालून भाजीपाला करावा, असेही त्यात सांगितले आहे. राखीव साठा, स्रोताविषयी साशंकता आणि कचऱ्याचा पुनर्वापर ही तिन्ही तत्त्वे आजही मान्य आहेत.

येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. टाके खोदणे हे एकदाच करण्याचे काम होते. ते स्वच्छ राखणे हे मात्र नित्याचे होते. आज्ञापत्र बांधणीविषयी बोलते, तितक्याच आस्थेने जतन करण्याविषयीही बोलते. या व्यवसायाचे मर्म येथेच सापडते.

४. पुण्यातील शिक्षण व विश्वेश्वरय्यांचा आदर्श :
पेशवाईत नानासाहेबांच्या काळात कात्रजचा तलाव बांधून भुयारी नळाने पुण्यातील हौदांपर्यंत पाणी आणण्यात आले. पुढे इंग्रजी अमदानीत इ.स. १८५४ मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. बांधकाम खात्यास दुय्यम कर्मचारी पुरविणे हा त्याचा मर्यादित हेतू होता. योगायोग असा की, त्याच वर्षी लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचे पाणी आणि कॉलऱ्याचे रुग्ण यांचा संबंध दाखवून दिला. अभियंता आणि वैद्य यांचे मार्ग ज्या ठिकाणी मिळतात ते ठिकाण म्हणजे पाणी, ही जाणीव तेव्हापासून दृढ होत गेली.

पुण्याचा हा वर्ग पुढे कॉलेज ऑफ सायन्स म्हणून ओळखला जाऊ लागला. म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर येथे शिकण्यास आलेले विश्वेश्वरय्या इ.स. १८८३ मध्ये एल.सी.ई. परीक्षेत प्रथम आले व इ.स. १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सेवेत साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी कलकत्त्यात रॉबर्ट कॉख यांनी कॉलऱ्याच्या जंतूचा संबंध तेथील तळ्याच्या पाण्याशी जोडला.

विश्वेश्वरय्यांची कीर्ती धरणांमुळे झाली. परंतु त्यांच्या पूर्वायुष्याचा मोठा भाग पाणीपुरवठा व ड्रेनेज या कामांत गेला. सिंधमधील सक्कर येथे नगरपालिकेजवळ गाळणीसाठी पुरेसा पैसा नव्हता. तेव्हा सिंधू नदीच्या पात्रातील वाळूतून झिरपणारे पाणी विहिरीत घेऊन त्यांनी गढूळ पाण्याचा प्रश्न सोडविला. ही योजना इ.स. १८९५ मध्ये पूर्ण झाली. इ.स. १९०१ मध्ये ते मुंबई इलाख्याचे सॅनिटरी इंजिनिअर झाले. इ.स. १९०३ मध्ये खडकवासला येथे त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसविले व धरणाची मूळ भिंत न वाढविता साठा वाढविला. इ.स. १९०६ मध्ये एडनच्या पाणीपुरवठा व जलनिःसारणाच्या कामासाठी त्यांना पाठविण्यात आले. इ.स. १९०८ च्या मुसा नदीच्या महापुरानंतर हैदराबादच्या पूरनियंत्रणाबरोबरच तेथील ड्रेनेजचीही आखणी त्यांनी केली.

या कारकिर्दीतून विद्यार्थ्याने काय घ्यावे? आपण सामान्यतः त्यांची बुद्धिमत्ता घेतो आणि तेथेच थांबतो. सक्करचे उदाहरण अधिक बोलके आहे. उत्तम उपाय परवडत नसेल तर परवडणाऱ्या उपायांत उत्तम कोणता, हे शोधण्याची तयारी तेथे दिसते. ग्रामपंचायतीच्या पाणीयोजनेवर काम करणाऱ्या अभियंत्यास आजही प्रत्येक दिवशी हाच प्रश्न सोडवावा लागतो.

५. प्लेगचा धडा :
या व्यवसायाच्या इतिहासात अभिमानाच्या पानांसोबत सावध करणारी पानेही आहेत. इ.स. १८९६ मध्ये मुंबईत व पाठोपाठ पुण्यात प्लेग पसरला. रँड यांच्या अधिकाराखालील प्लेग समितीने लष्कराच्या साहाय्याने घरझडत्या घेतल्या, संशयितांना वेगळे काढले, घरांतील सामान बाहेर फेकले. हे सर्व आरोग्याच्या नावाने झाले. लोकांत संताप उसळला व २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. उंदरांवरील पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी त्यानंतर, इ.स. १८९८ मध्ये दाखवून दिले. म्हणजे ज्या ज्ञानाच्या जोरावर सक्ती झाली, ते ज्ञानच अपुरे होते.

त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. एकाच शहरात, एकाच रोगाशी झुंजण्याच्या या दोन रीती होत. लोकांना बाजूस सारून केलेली स्वच्छता टिकत नाही, हा प्लेगचा धडा आरोग्य अभियंत्याने विसरता कामा नये. ज्या विद्यार्थ्यास केवळ यंत्र व आकडे यांच्याशी व्यवहार करावयाचा आहे, त्याने हा धडा विशेष लक्षपूर्वक वाचावा. कारण या शाखेत लोकांशी व्यवहार टाळता येत नाही.

६. बदलती नावे, बदलती दृष्टी :
इ.स. १९४६ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील आरोग्य समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. औषधोपचाराइतकाच स्वच्छ परिसरावर त्याचा भर होता. इ.स. १९५८ मध्ये नागपूर येथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. इ.स. १९७४ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच 'नीरी', असे झाले. त्याच वर्षी केंद्राचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा झाला. महाराष्ट्राने त्याआधीच, इ.स. १९६९ मध्ये, स्वतःचा कायदा केला होता आणि इ.स. १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले होते. इ.स. १९७६ च्या कायद्याने महाराष्ट्र पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ अस्तित्वात आले, इ.स. १९९७ पासून ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण या नावाने ओळखले जाते.

सॅनिटरी इंजिनिअर, सार्वजनिक आरोग्य अभियंता आणि पर्यावरण अभियंता अशी ही नावांची वाटचाल आहे. तिच्यामुळे क्षेत्र विस्तारले. कारखान्यांचे सांडपाणी, हवा, घनकचरा व घातक रसायने हे विषय त्यात आले. परंतु 'आरोग्य' हा शब्द नावातून गळाला, तेव्हा माणूस थोडा मागे सरकला, असे म्हणावेसे वाटते. मोजमाप नियमांत बसले की काम संपले, अशी वृत्ती त्यातून बळावण्याचा धोका असतो. म्हणूनच पर्यावरणीय आरोग्य अभियांत्रिकी हे संयुक्त नाव अधिक अर्थपूर्ण ठरते.

७. देहूचे उदाहरण :
या शाखेत प्रवेश करण्याचे सर्व मार्ग अभियांत्रिकी महाविद्यालयातूनच जातात असे नाही. इ.स. १९६० च्या सुमारास डॉ. मापुस्कर देहू येथे वैद्यकीय अधिकारी म्हणून आले. दवाखान्यात येणाऱ्या पोटाच्या विकारांचे मूळ उघड्यावरील शौचात आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी बांधून घेतलेली पहिली शौचालये पावसाळ्यात ढासळली. अशा वेळी काम सोडून देणे सोपे होते. त्यांनी तसे न करता कोकणातील अप्पासाहेब पटवर्धन यांचे मार्गदर्शन घेतले. रत्नागिरीच्या तुरुंगात इ.स. १९३२ मध्ये भंगीकाम करण्याचा हक्क मिळावा म्हणून उपोषण करणारे आणि पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात सोप्या संडासाचे प्रयोग करणारे ते हेच अप्पासाहेब होत. पुढील दोन दशकांत देहूचे चित्र पालटले. मैल्यापासून बायोगॅस देणारा 'मलप्रभा' संयंत्राचा प्रकारही डॉ. मापुस्करांनी विकसित केला. त्यांना इ.स. २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

देहूच्या या कथेत निर्णायक काय ठरले? डॉक्टरांनी आपले अपयश गावासमोर मान्य केले आणि अनुभवी माणसाकडे जाऊन पुन्हा शिकण्यास सुरुवात केली. परीक्षेत गुण मिळवून देणारी बुद्धी आणि ढासळलेल्या संडासाजवळ पुन्हा उभे राहण्याचे धैर्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी नसेल तर पहिली फार काळ पुरत नाही.

अप्पासाहेबांच्या उपोषणाने आणखी एक कठीण प्रश्न पुढे येतो. आपल्या समाजात मैला वाहण्याचे काम शतकानुशतके विशिष्ट जातींवर लादले गेले. मुंबई सरकारने इ.स. १९४९ मध्ये नेमलेल्या बर्वे समितीने सफाई कामगारांच्या हलाखीची नोंद केली. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध इ.स. १९९३ व इ.स. २०१३ मध्ये कायदे झाले. गटारात उतरून मृत्युमुखी पडणाऱ्यांच्या कुटुंबीयांना तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाला इ.स. २०२३ मध्येही द्यावा लागला. ज्या मॅनहोलमध्ये माणसाला उतरावे लागते, त्याचा आराखडा कोणा अभियंत्यानेच केलेला असतो. हे काम हलके आहे अशी भावना ज्याच्या मनात खोलवर आहे, त्याने प्रथम त्या भावनेचा विचार करावा आणि मगच या शाखेचा.

८. आजचे शिक्षण व निवडीच्या कसोट्या :
महाराष्ट्रात या विषयाकडे जाण्याचा रूढ मार्ग स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी व त्यानंतर पर्यावरण अभियांत्रिकीतील पदव्युत्तर शिक्षण असा आहे. इ.स. २०२१ पासून गेट परीक्षेत पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. मार्गासनीच्या विद्यार्थ्यास पुण्यात राहण्याचा खर्च झेपत नसेल, तर भोर तालुक्यातील धांगवडी येथेही अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अभ्यासात द्रवगतिशास्त्र, रसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र यांचा संगम असतो. बारावीनंतर जीवशास्त्राचा निरोप घेतला, असे समजणाऱ्यास तो येथे पुन्हा भेटतो. केवळ परदेशी पुस्तक पाठ करूनही भागत नाही. सांडपाण्याची जैविक प्राणवायूची मागणी परदेशांत २० अंश सेल्सिअसला पाच दिवसांत मोजण्याचा प्रघात आहे. आपल्याकडील उष्ण हवामान ध्यानात घेऊन ती २७ अंशांना तीन दिवसांत मोजली जाते.

पदवीनंतर जीवन प्राधिकरण, जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग, महानगरपालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ, कारखान्यांचे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, सल्लागार संस्था व संशोधन ही क्षेत्रे खुली असतात. मात्र शासकीय भरतीची वाट पाहावी लागते, खासगी क्षेत्रातील आरंभीचे वेतन संगणक क्षेत्राच्या तुलनेत कमी असू शकते आणि कामाचे ठिकाण बहुधा शहराच्या टोकाला, दुर्गंधीच्या सान्निध्यात असते. हे आधीच सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

मग स्वतःची पारख कशी करावी? त्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. आपल्या ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाबरोबर आठवडाभर फिरावे. टाकीत टीसीएल पावडर किती व केव्हा टाकली जाते, वस्तीच्या शेवटच्या नळाला ओटी चाचणीत पिवळा रंग येतो की नाही, हे पाहावे. पाण्यात क्लोरीनचा अंश दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावा, हा नियम तेथे प्रत्यक्ष समजतो. गावास हिरवे कार्ड मिळाले की पिवळे वा लाल आणि का, याची चौकशी करावी. जलजीवन मिशनने इ.स. २०१९ पासून दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. आपल्या घरात प्रत्यक्षात किती पाणी येते, ते मोजावे. शेवटच्या नळाला रंग आला नाही, तर कारण शोधण्याची हुरहुर लागते की कंटाळा येतो? पाण्याला वास येतो म्हणून तक्रार करणाऱ्या आजीबाईंना समजावून सांगताना धीर टिकतो की चीड येते? या दोन प्रश्नांच्या उत्तरांत व्यवसायाचा कल बराच स्पष्ट होतो.

आठवड्याअखेर कंटाळाच हाती आला, तर त्यात कमीपणा मानू नये. चुकीच्या शाखेत चार वर्षे घालविण्यापेक्षा ते बरे. बांधकामाची ओढ असणाऱ्यास स्थापत्याच्या इतर शाखा आहेत. रोग्याच्या सहवासात समाधान मिळणाऱ्यास वैद्यकीय व परिचर्या क्षेत्रे आहेत.

येथे यशाचे स्वरूपही समजून घेतले पाहिजे. पूल बांधणाऱ्याचा पूल दिसतो, शल्यविशारदाचा रोगी बरा होऊन घरी जातो. आरोग्य अभियंत्याचे यश म्हणजे न आलेली साथ होय, आणि न आलेल्या साथीचा सत्कार कोणी करीत नाही. त्याचे अपयश मात्र तत्काळ दिसते. १२ जुलै १९६१ रोजी वेल्हे तालुक्यातील पानशेत धरण फुटले आणि पाठोपाठ खडकवासला धरणही खचले, तेव्हा पुरात बुडालेल्या पुण्याचा नळही कोरडा पडला. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावरील नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आढळला व पिण्याच्या पाण्याची चर्चा घरोघरी सुरू झाली. विश्वेश्वरय्यांनी दरवाजे बसविलेल्या धरणाच्या परिसरात, त्यांच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, शेवटच्या नळातील क्लोरीनचा प्रश्न जिवंत होता. या शाखेत शिकण्यासारखे काही उरले आहे काय, असे विचारणाऱ्यास हे पुरेसे उत्तर आहे.

९. समारोप :
वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, आरोग्य अभियांत्रिकी ही पुणे परिसरास नवखी नाही. राजगडाच्या टाक्यांपासून खडकवासल्यापर्यंत तिची परंपरा सलग दिसते. दुसरा असा की, या परंपरेत बांधणीइतकेच जतनाला महत्त्व आहे आणि लोकांच्या संमतीवाचून तंत्र टिकत नाही. तिसरा निष्कर्ष विद्यार्थ्यासाठी आहे. तुटपुंज्या साधनांत उपाय शोधणे, अपयशानंतर पुन्हा शिकणे, मैल्याच्या कामाला हलके न मानणे आणि न दिसणाऱ्या यशावर समाधान मानणे, या चार गोष्टी ज्याला किंवा जिला मानवतात, त्यांनी ही वाट निःशंकपणे धरावी. गुणपत्रिका त्यानंतर पाहावी.

मार्गासनीच्या मुलीने लहानपणी डोक्यावरून पाणी वाहिले असेल, तर शेवटच्या नळाचे मोल तिला कोणी शिकवावे लागत नाही. तिने हे ज्ञान महाविद्यालयाच्या दारातच सोडून देऊ नये, ते बरोबर घेऊन आत जावे, एवढीच अपेक्षा.